ओपन वॉटरनंतर कुठला कोर्स? आधी बॉयन्सी, मग बाकी सगळं

ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स, त्याचं कार्ड हातात पडलं की लगेच पुढचं डोक्यात सुरू होतं, आता ऍडव्हान्स्ड करू, मग डीप, मग रेक (बुडालेली जहाजं), मग नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा)... मला हे इतक्या जणांनी विचारलंय की म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं. माझं मत आधीच सांगून टाकते, सगळ्यात आधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असं स्थिर तरंगणं, पक्की करा, बाकीचं काय ते त्यानंतर ठरवा.

पाण्याखाली दमलेली, घाबरलेली, सगळ्यांच्या आधी हवा संपवणारी माणसं बघितलीत ना, त्यातल्या बऱ्याच जणांच्या कमरेला, खाली जाता यावं म्हणून बांधतात ते शिसं गरजेपेक्षा जास्त असतं. जास्त वजन म्हणजे ते तोलायला बीसीडीत (हवा भरायच्या जॅकेटमध्ये) जास्त हवा, आणि ती हवा वर जाताना फुगते खाली जाताना आकसते, त्यामुळे सतत इन्फ्लेटर (जॅकेटमध्ये हवा भरायचं बटण) दाबणं आणि हवा सोडणं चालू, वरून पाय खाली लोंबतात, फिन मारली की तळाची वाळू उडते, आणि एवढं सगळं करताना श्वास वाढतोच. कोर्सच्या घाईत इन्स्ट्रक्टर पण दोन किलो जास्तच लावून देतात, नवीन माणूस तळाशी स्थिर बसावा म्हणून, आणि मग तोच आकडा लोक पुढे कायम धरून बसतात.

वेट चेक, म्हणजे वजन बरोबर आहे का हे बघणं, कसा करायचा? डायव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये 50 बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास उरलं असताना, बीसीडी पूर्ण रिकामी करून पाण्यात उभं राहायचं, पाय हलवायचे नाहीत, साधा श्वास घेऊन धरला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं आणि श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. दगडासारखे गेलात तर एक किलो काढा आणि परत बघा. शेवटी का करायचा तर 12 लिटरचा सिलिंडर 200 बारला भरला की आत जवळजवळ 2400 लिटर हवा असते आणि तिचं वजन अडीच-तीन किलो होतं, डायव्ह संपेपर्यंत त्यातलं दोनेक किलो तुम्ही श्वासातून सोडून दिलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच, वर यायच्या आधी, 5 मीटरवर तीन मिनिटं शांत थांबायचं असतं. म्हणून भरलेल्या सिलिंडरने चेक केला तर तेवढं वजन जास्तीचं धरायला लागतं.

आणि हो, श्वासाने वर-खाली होण्यात एक गंमत आहे, श्वास आत घेतला की शरीर लगेच वर जात नाही, सेकंद-दोन सेकंद लागतात. नवीन डायव्हरला वाटतं काहीच झालं नाही म्हणून तो इन्फ्लेटर दाबतो आणि मग दोन्ही मिळून त्याला वर घेऊन जातात. तेवढा वेळ थांबायची सवय लागली की निम्मं काम झालं.

मग ऍडव्हान्स्ड. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेत यात पाच डायव्ह असतात, त्यातले डीप आणि नेव्हिगेशन सक्तीचे, बाकी तीन तुमच्या आवडीचे, आणि खोलीची मर्यादा 18 वरून 30 मीटर होते. पाच डायव्हमध्ये कोणी तयार होत नाही हे मी प्रत्येकाला सांगते. पण डीप डायव्हच्या आधी हवेचं गणित स्वतः मांडून बघा. पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागत असेल तर 30 मीटरवर दाब 4 बार, म्हणजे मिनिटाला 80 लिटर, म्हणजे ते 2400 लिटर पूर्ण रिकामे व्हायला फक्त 30 मिनिटं, त्यात वर यायची आणि बडीला (डायव्हमधल्या जोडीदाराला) द्यावी लागली तर ती हवा बाजूला काढली की खाली राहायला किती उरतं ते तुम्हीच बघा. शिवाय 30 मीटरच्या आसपास नायट्रोजनची गुंगी जाणवायला लागते, इन्स्ट्रक्टर खाली पाटीवर साधी गणितं सोडवायला देतात आणि वरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. थोडं वर आलं की उतरते, पण त्या अवस्थेत आपण ठीक आहोत असंच वाटत असतं, हाच त्यातला धोका.

नायट्रॉक्सबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. लोकांना वाटतं त्याने जास्त खोल जाता येतं, खरं तर उलटं आहे. 32 टक्के ऑक्सिजन असेल तर ऑक्सिजनच्या दाबाच्या 1.4 बारच्या मर्यादेने तुम्ही 33 मीटरच्या आसपास थांबायचं, 36 टक्के असेल तर 28-29 मीटर. त्याखाली ऑक्सिजनमुळे आकडी येऊ शकते, पाण्याखाली आकडी आली की रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो ते) तोंडातून सुटतो, पुढचं सांगायला नको. फायदा आहे तो वेळेचा, नायट्रोजन कमी शोषला जातो त्यामुळे 18-25 मीटरच्या पट्ट्यात जास्त वेळ मिळतो. कोर्स छोटा आहे, जरूर करा, पण त्यातली एक गोष्ट आयुष्यभर सोडू नका, सिलिंडर कोणीही भरलेला असो, ऍनलायझर (ऑक्सिजन मोजायचं यंत्र) लावून टक्केवारी स्वतः बघायची, टेपवर टक्केवारी आणि कमाल खोली लिहायची, आणि डायव्ह कॉम्प्युटरमध्ये तोच आकडा टाकायचा.

बोट डायव्हिंग वगैरेची स्पेशालिटी मला पैसे देऊन करावीशी वाटत नाही, चांगल्या ब्रीफिंगमध्ये ते कळतं. ड्रायसूट (आत पाणी न येणारा सूट) मात्र शिकल्याशिवाय घालू नका, सूटमधली हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर ओढला जातो. रेकच्या आत आणि गुहेत तर प्रशिक्षणाशिवाय डोकावायचं पण नाही, तिथे सरळ वर यायची सोयच नसते, म्हणून तर गुहावाले निदान तिसऱ्या भागाचा नियम पाळतात, एक तृतीयांश हवा जायला, एक यायला, आणि एक राखीव.

आणि ज्याला विचाराल त्याला मी रेस्क्यू कोर्स करायला सांगते. घाबरलेला माणूस ओळखायला तिथे शिकवतात, विस्फारलेले डोळे, मास्क कपाळावर ढकललेला, रेग्युलेटर थुंकून टाकलेला, हाक मारली तर उत्तर नाही. अशा माणसाच्या हाताच्या टप्प्यात सरळ जायचं नाही, आधी लांबून बोलायचं, काहीतरी तरंगणारं पुढे करायचं, आणि त्याने तरी पकडलंच तर वर झटापट न करता खाली जायचं, त्याला वर राहायचं असतं त्यामुळे तो सोडतो. बेशुद्ध डायव्हरला ओढत नेता नेता श्वास देणं आणि मध्येच त्याचं गियर काढत जाणं हे एकदा प्रत्यक्ष करून बघा, हात भरून येतात. कोर्ससोबत प्रथमोपचार आणि सीपीआर लागतंच, त्याला कंटाळू नका, आणि वर्ष-दोन वर्षांनी ते परत गिरवा, कारण हातांना सवय नसेल तर ऐन वेळी कोणालाच आठवत नाही.