रिझालच्या कादंबऱ्या आणि छापखान्याचं बिल

फिलिपिन्सचा कादंबरीकार होसे रिझाल म्हटलं की ३० डिसेंबर १८९६ ची सकाळ, मनिलातलं बागुम्बायानचं मैदान आणि स्पॅनिश सरकारने त्याला घातलेल्या गोळ्या, एवढंच बहुतेकांना आठवतं. त्याच्या कादंबऱ्या कुणाच्या पैशाने छापल्या, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर त्यांत काय राहिलं नि काय गळलं, हे सेन्सॉरच्या आधी खिशाने ठरवलं.

‘नोली मी टांगेरे’ ही पहिली कादंबरी त्याने माद्रिदला लिहायला घेतली आणि जर्मनीत पुरी केली. १८८६ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये त्याची खाण्यापिण्याची मारामार होती. घरचे पैसे वेळेवर पोचत नव्हते. तेवढ्यात माक्सिमो व्हियोला हा सधन घरचा मित्र आला. त्याने ३०० पेसो उसने दिले आणि मार्च १८८७ मध्ये २,००० प्रती निघाल्या. तरी खर्च आवाक्यात ठेवायला रिझालने एलियास आणि सालोमेचं आख्खं प्रकरण काढून टाकलं. सालोमे फक्त तिथेच भेटते. ती गेली आणि एलियास नुसता बंडखोर उरला; माझ्या मते ही काटछाट कादंबरीला महागात पडली.

शीर्षकपानावर छापखान्याच्या नावाखाली लेटे संस्थेच्या शाळेचाही उल्लेख आहे. तिथे बायकांना खिळे जुळवायला शिकवत. मजकूर स्पॅनिश, मध्येमध्ये टागालोग ही फिलिपिन्सची भाषा, नि जुळारी बर्लिनचे! प्रुफं तपासताना काय दमछाक झाली असेल.

मनिलात आर्चबिशपने पुस्तक सांतो तोमास विद्यापीठाकडे धाडलं. ते धर्मविरोधी आणि देशविरोधी ठरलं. डिसेंबर १८८७ मध्ये सेन्सॉर आयोगाच्या साल्वादोर फोंत या पाद्र्याने आयात, छपाई, प्रसार सगळ्यावर बंदीची शिफारस केली. गव्हर्नर-जनरल तेरेरोने मात्र मायदेशी परतलेल्या रिझालच्या जिवाला धोका नको म्हणून एक लेफ्टनंट सोबत दिला होता. घरच्यांना असं कवच नव्हतं. त्यांच्या गावची, कालांबाची जमीन डोमिनिकन मठाची, हे खंडाने कसणारे. खंडाचा वाद चिघळला आणि अखेर त्यांना गावातून हुसकावलं.

दुसरी कादंबरी ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’. १८७२ मध्ये मृत्युदंड दिलेल्या गोमेझ, बुर्गोस, सामोरा या तीन पाद्र्यांना ती अर्पण केलेली आहे. छपाई स्वस्त पडते म्हणून तो जुलै १८९१ मध्ये बेल्जियममधल्या गेंटला गेला. पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे ठरले, पण ११२ पानं झाली नि गंगाजळी आटली. ६ ऑगस्टला काम थांबलं. पॅरिसहून व्हालेंतिन व्हेंतुराने रक्कम पाठवली, तेव्हा सप्टेंबरमध्ये पुस्तक बाहेर आलं. प्रकरणं ३९, ‘नोली’त ६३ होती, वर उपसंहार. हाँगकाँगमार्गे धाडलेल्या बऱ्याच प्रती जप्त झाल्या.

रिझालने व्हेंतुराला मूळ हस्तलिखितच देऊन टाकलं. पुढे फिलिपिन्स सरकारने ते त्याच्याकडून १०,००० पेसोला विकत घेतलं.