आगमनकाळात मन तयार करताना: माझा अनुभव

आगमनकाळाची, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळाची, तयारी मी तारखा पाहण्यापासून सुरू करते, कारण हा काळ दर वर्षी सारख्या लांबीचा नसतो. पहिला रविवार ३० नोव्हेंबरला सर्वात जवळचा असतो, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. त्यामुळे हातात कधी २८ दिवस असतात, तर कधी जेमतेम २२. २०२२ साली नाताळ रविवारी होता, पूर्ण चार आठवडे मिळाले. २०२३ साली चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला. आगमनचक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते; तेव्हा सकाळी चौथी लावायची आणि रात्री नाताळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, इतकाच तो शेवटचा आठवडा. ‘एक तारखेपासून बघू’ म्हटलं की बऱ्याचदा पहिला रविवार हुकतो, आणि या काळाचा सूर तर पहिल्याच रविवारी लागतो. त्या दिवशी चर्चमध्ये वाचल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, गव्हाणीतलं बाळ नसतं. ‘जागे राहा’ एवढाच निरोप असतो, आणि तोही ख्रिस्ताच्या पुनरागमनाबद्दल. रोमन विधीत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, १६ डिसेंबरपर्यंत भर याच प्रतीक्षेवर असतो. येशूच्या जन्माकडे उपासना थेट वळते ती १७ तारखेपासून.

बहुतेक जण तयारी म्हणजे भर घालणं समजतात. नवं प्रार्थनेचं पुस्तक, जास्तीची प्रार्थनासभा, चार-पाच संकल्प. माझ्या मते आधी काहीतरी कमी करायला हवं. दिवसातली पंधरा मिनिटं मोकळी करायची, तीही ठरलेल्या वेळी. मला सकाळी उठल्यावर, फोन हातात घेण्याआधीची वेळ मानवते. रात्रीवर ढकललेली प्रार्थना थकव्यात बुडते. पंधरा मिनिटांतली पहिली तीन निव्वळ गप्प बसण्यासाठी, पाच वाचनासाठी, पाच वाचलेलं मनात घोळवायला आणि उरलेली दोन मिनिटं स्वतःच्या शब्दांत देवाशी बोलायला. गप्प बसण्याची तीन मिनिटं सगळ्यात अवघड जातात. राहिलेली कामं नेमकी तेव्हाच आठवतात. त्यांना हाकलत बसू नये. शेजारी कागद ठेवावा, काम एका शब्दात टिपून ठेवावं आणि परत शांत व्हावं. चार-पाच दिवसांत ही यादी आपोआप आखडते.

वाचनासाठी लूकच्या शुभवर्तमानाचे २४ अध्याय २४ दिवसांत, रोज एक, अशी पद्धत बरीच चालते. वाचनाची सवय लागावी म्हणून ती चांगली आहे. मन तयार करायला मात्र मला ती पुरत नाही, कारण नाताळच्या आदल्या दिवशी आपण पुनरुत्थानाशी पोहोचलेलो असतो. मी फक्त पहिला अध्याय घेते. त्यात ८० ओव्या, म्हणजे क्रमांक घातलेली छोटी वचनं, आहेत. रोज दहा-बारा वाचल्या की साधारण आठवड्यात तो संपतो, मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत बारकावे दिसू लागतात. मूल होणार हे सांगायला देवदूत जखऱ्याकडे, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वडिलांकडे, येतो आणि येशूची आई मरीया हिच्याकडेही. दोघंही प्रश्न विचारतात. जखऱ्या विचारतो, हे मी कशावरून समजू? मरीया विचारते, हे कसं होईल? एकाला पुरावा हवा आहे. दुसरीने मनातून होकाराकडे पाऊल टाकलेलं आहे, तिला फक्त वाट समजून घ्यायची आहे. जखऱ्याची वाचा जाते ती थेट बाळाचं नाव ठेवेपर्यंत. त्याने इतके महिने काय काय ऐकलं असेल, यावर एक अख्खा दिवस थांबावं. आणि आपल्या प्रार्थनेतला प्रश्न या दोघांपैकी कोणाचा आहे, तेही तपासून पाहावं.

दुसऱ्या रविवारपासून बाप्तिस्मा करणारा योहान, येशूची वाट तयार करणारा संदेष्टा, समोर येतो, आणि आत्मपरीक्षणाला इथेच हात घालायचा. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ४० व्या अध्यायातले शब्द लूक त्याच्याबद्दल वापरतो: खोरी भरली जातील, डोंगर सखल होतील, वाकडं सरळ होईल, खडबडीत सपाट होईल. मी एक कोरा कागद घेऊन त्याचे चार भाग करते. ‘खोरी’ या भागात करायचं राहून गेलेलं: न केलेली विचारपूस, न पाळलेला शब्द, टाळलेली भेट. ‘डोंगर’मध्ये अहंकार, म्हणजे कोणाला कमी लेखलं, कुठे स्वतःचंच खरं केलं. ‘वाकडं’मध्ये खोटेपणा आणि पैशांचे व्यवहार. ‘खडबडीत’मध्ये जीभ. चारही भाग एका बैठकीत भरू नयेत, एका दिवशी एकच. ‘मी रागीट आहे’ असं लिहून काही हाती लागत नाही. कोणावर, कधी, कशावरून, हे लिहिलं की पुढचं पाऊल दिसतं. आणि कागदावर दुसऱ्यांच्या चुका उतरू लागल्या की पेन खाली ठेवावं.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात, याच शब्दांच्या पुढे, लोक योहानाला विचारतात, मग आम्ही काय करावं? त्याची उत्तरं मला या सगळ्या काळाचा गाभा वाटतात. दोन अंगरखे असणाऱ्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायाने धाकदपटशाने पैसे उकळू नयेत, आपल्या पगारात समाधान मानावं. तो कोणालाही काम सोडून अरण्यात यायला सांगत नाही. ज्याच्या त्याच्या कामातली नेमकी जागा दाखवतो. म्हणून कागद भरून झाला की त्यातून एकच कृती निवडायची, तारीख घालून. दोन नकोत. उसने घेतलेले पैसे परत करणं असेल तर रक्कम आणि दिवस लिहावा. माफी मागायची असेल तर तीन वाक्यं पुरतात: मी हे केलं, त्याने तुला त्रास झाला, मला क्षमा कर. त्यात ‘पण’ आला की माफीचं समर्थन होतं. समोरचा लगेच क्षमा करेलच असं नाही. त्याला वेळ द्यावा, नाताळची मुदत त्याच्यावर लादू नये.

पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं कबूल करायला, १७ तारखेच्या आत जावं. शेवटच्या दिवसांत रांगा लांब होतात, धर्मगुरू थकलेले असतात आणि आपणही घाईघाईत उरकतो. तो कागद सोबत नेला तरी चालतो. पाप कोणतं आणि कितीदा, एवढं सांगावं. कहाणी लांबवू नये.

मेणबत्त्यांबद्दल थोडं. आगमनचक्राची कल्पना १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न या पाळकाने निराधार मुलांच्या वसतिगृहात मांडली. गाडीच्या चाकावर रविवारसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या होत्या, म्हणजे मुलांना रोजचा दिवस मोजता यायचा. आता बहुधा चारच असतात, तरी त्या रोज लावाव्यात असं मला मनापासून वाटतं. रोज पंधरा मिनिटं धरली तर २८ दिवसांत पहिली मेणबत्ती ७ तास जळते आणि चौथी फार तर पावणेदोन तास. म्हणून पहिली उंच आणि जाड घ्यावी. वारा लागला की मेण एका बाजूने ओघळतं आणि ज्योत कलते, तेव्हा चक्र खिडकीपासून लांब ठेवावं. हिरवी पानं सुकली की बदलावीत, ती चटकन पेट घेतात. काडी ओढण्याआधी मिनिटभर अंधारात बसावं. मग त्या एका ज्योतीने समोरच्या माणसाचा चेहरा आधी दिसतो, खोली नंतर.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर हमखास खंड पडतो. राहिलेले दिवस भरून काढायला जाऊ नये, त्या भाराने उरलेलेही जातात. आजच्या ओव्या घ्याव्यात. तिसरा रविवार आनंदाचा. उपासनेच्या वस्त्रांना जांभळ्याऐवजी गुलाबी रंग आणि गुलाबी मेणबत्ती असते, आणि पुन्हा सुरुवात करायला तो उत्तम दिवस आहे.

१७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी उपासनेत मरीयेच्या स्तोत्राच्या, म्हणजे लूकच्या पहिल्या अध्यायातल्या तिच्या गीताच्या, आधी आणि नंतर ख्रिस्ताला सात नावांनी हाक मारली जाते: प्रज्ञा, प्रभू, इशायाचा अंकुर, दाविदाची किल्ली, उदयप्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. लॅटिनमधली या नावांची आद्याक्षरं शेवटून वाचली की ‘एरो क्रास’ होतं, ‘उद्या मी असेन’. या दिवसांत मी वाचन कमी करते. एका दिवशी एकच नाव घ्यायचं आणि शेवटी ‘ये’ म्हणायचं. चार भागांचा तो कागद २४ तारखेच्या संध्याकाळी पुन्हा उघडते. तारीख घातलेली कृती झाली असेल तर कागद फाडते. राहिली असेल, तर मिस्सेला निघण्याआधी तो एक फोन करते.