थंडी म्हणते चल, पक्षी म्हणतो थांब

नदीकाठाने एकटीने लांब चालायला थंडीसारखा मोसम नाही. पक्षी बघायलाही नाही. पण या दोन्ही गोष्टी एकाच सकाळी उरकायला निघणं म्हणजे स्वतःशीच भांडण विकत घेणं. गारठा पाठीत गुद्दा घालून सांगतो, पाय उचल. जरा अंग तापतंय तोच पुढच्या दगडावर धोबी पक्षी शेपटी हलवत उभा. मग थांबावंच लागतं. थांबलं की चालताना पाठीवर आलेला घाम असा काही गार पडतो की घातलेला स्वेटर नसता तर बरं झालं असतं असं वाटतं. चालणाऱ्याचे कपडे वेगळे आणि उभं राहणाऱ्याचे वेगळे. दोघींना पुरेल असा पेहराव मला अजून सापडलेला नाही.

दुर्बिणीचंही तेच. खिशात मावणारी ८×२५ चालणारीला आवडते. पक्षी बघणारीला हवी असते ८×४२, कारण दोन्हींत पक्षी आठपटच मोठा दिसला तरी ४२ मिलिमीटरचं भिंग २५ च्या जवळजवळ तिप्पट प्रकाश गोळा करतं, आणि उजाडता उजाडता तोच कामाला येतो. शेवटी जड दुर्बीणच गळ्यात पडते आणि डोळ्याला लावल्याबरोबर श्वासाने तिची काच धुरकटते.

नाहीतरी पहिला काही वेळ बघण्यासारखं काही नसतंच. रात्रीत हवा जितकी गार होते तितकं पाणी होत नाही. पाण्यालगतची दमट हवा वरच्या गारठ्यात मिसळली की तिचं धुकं होतं आणि समोरचा काठ गायब. अशा वेळी कान लावावेत. जमिनीजवळ गार हवा आणि तिच्यावर जरा उबदार हवा असली की आवाज वर निसटून न जाता पुन्हा खाली वळतो. म्हणून पार पलीकडची टिटवी अगदी शेजारी येऊन ओरडल्यासारखी ऐकू येते. मी दोनदा मागे वळून बघते. मागे कुणी नसतं.

धुकं विरळ झालं की राखी बगळा दिसतो. गुडघाभर पाण्यात नव्हे, काठाच्या उथळ पाण्यात, एका पायावर. इकडे बुटात, लोकरीच्या मोज्यांत माझी बोटं बधिर, आणि हा अनवाणी! त्याची युक्ती रक्तवाहिन्यांत आहे. अंगातून पायाकडे उतरणारं गरम रक्त आणि पायातून वर चढणारं गार रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून जातं. उतरणारं आपली ऊब वाटेतच चढणाऱ्याला देऊन टाकतं. पाय गार राहतो, पण पोटातली ऊब नदीत वाहून जात नाही. दुसरा पाय पिसांत लपवला की उरलीसुरली गळतीही कमी. शिवाय पिसं फुगवून त्यांत हवा कोंडलेली. थोडक्यात, त्याला ऊब येण्यासाठी चालावं लागत नाही. माझा राग आहे तो इथेच.

पाणकावळा त्यातल्या त्यात माझ्या जातीचा. त्याची वरची पिसं पाण्यात भिजतात, त्यामुळे बुडी मारायला सोपं जातं. पण बाहेर आल्यावर पंख पसरून उन्हाची वाट बघत बसणं आलं. मीही त्याच उन्हाची वाट बघत असते.

सोबत कुणी असलं की दोघांतल्या एकाला नेहमी ताटकळावं लागतं, आणि ताटकळणाऱ्याचे उसासे पक्ष्यांना आधी ऐकू जातात. एकटीला तो त्रास नाही. (घरी वाट सांगून निघावं आणि शेवाळलेल्या दगडांवर शौर्य दाखवू नये, एवढं पथ्य पुरतं.) अडचण एकच, साक्षीदार नसतो. झाडामागे गेला तो मासे पकडणारा कैकर होता की नेहमीची घार, या खटल्यात वादी मी, प्रतिवादी मी आणि न्यायाधीशही मीच. तेव्हा न्यायाधीश मी मुद्दाम कडक ठेवला आहे. संशय आला की वहीत घारच लागते.

खंड्याच्या बाबतीत संशयाला जागा नसते. त्याच्या पाठीच्या निळाईत निळा रंग मुळी नसतोच, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. तो फांदीवर बसला की मी जागची हलत नाही, मग गारठ्याने कितीही ढकलू दे. जपानमध्ये वेगवान रेल्वेगाड्या बोगद्यातून बाहेर पडताना दाबलेल्या हवेचा मोठा धमाका व्हायचा. एइजी नाकात्सु या अभियंत्याला पक्षीनिरीक्षणाचा नाद होता; त्याने खंड्याच्या चोचीवरून गाडीचं नाक घडवलं आणि १९९७ पासून ती शिनकान्सेन ताशी ३०० किलोमीटरने धावू लागली. म्हणजे कुणीतरी आधी काठावर स्वस्थ उभं राहिलं होतं. घरचे हसले की मी हे उदाहरण पुढे करते.

मनगटावरच्या घड्याळाला मात्र ते पटत नाही. खंड्या सूर मारण्याच्या बेतात असला की नेमकं ते थरथरून विचारायचं, ‘चालणं संपलं का?’ ती विचारपूस मी आता बंद करून टाकली आहे. सरासरी वेग ते अजूनही दाखवतं. तो मी कुणाला दाखवत नाही.