व्हेंचर कॅपिटलमध्ये जायला कोणता कोर्स करू?

'इंजिनिअरिंग झालंय, आयटीत तीन-चार वर्षं काढलीत, आता व्हेंचर कॅपिटलमध्ये जायचंय. एमबीए करू की सीएफए?' तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कोर्सवाचून फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते फंडाच्या हिशोबापाशी, आणि तो समजून घ्यायला एक संध्याकाळ पुरते.

व्हेंचर कॅपिटल म्हणजे नव्या, वाढू पाहणाऱ्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे गुंतवायचा धंदा. तो फंडातून चालतो, आणि फंड म्हणजे लोकांचे पैसे ठरावीक मुदतीत वाढवून परत द्यायचा करार. आपल्याकडे तो सेबीच्या २०१२च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली नोंदवतात, बहुधा ट्रस्ट म्हणून. योजना किमान २० कोटींची, एकेका गुंतवणूकदाराचे किमान १ कोटी, आणि एकाच कंपनीत २५ टक्क्यांहून जास्त पैसे घालायला मनाई. मुदत साधारण आठ ते दहा वर्षं.

समजा फंड २०० कोटींचा आहे. व्यवस्थापन फी वर्षाला २ टक्के, म्हणजे ४ कोटी. शेवटच्या काही वर्षांत ती उतरते. फी, तिच्यावरचा जीएसटी, वकील, ऑडिट सगळं वजा जाता गुंतवायला १६० कोटींच्या आसपास उरतात. त्यातले निम्मे राखून ठेवायचे, आपण पैसे घातलेल्या कंपन्या पुढे पुन्हा भांडवल उभं करतील त्या फेऱ्यांसाठी. राहिले ८० कोटी, म्हणजे वीस कंपन्यांना चार-चार कोटींचे वीस चेक. पैसे देणाऱ्यांची अपेक्षा तिपटीची, ६०० कोटींची. आता एका कंपनीत ४ कोटी घालून १५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या फेऱ्यांत नवे शेअर निघत गेले आणि तो ८ टक्क्यांवर आला. कंपनी ५०० कोटींना विकली गेली, तर वाट्याला ४० कोटी. दसपट! पेपरात फोटो येईल. पण फंडाचा जेमतेम पाचवा हिस्सा परत आला. या एका कंपनीतून अख्खा फंड भरून निघायचा, तर ती २,५०० कोटींना जायला हवी. शिवाय वीसातल्या निम्म्या कंपन्यांत मुद्दलही सुटणार नाही, हे धरूनच बसायचं.

म्हणून चाकणच्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी, नफ्यातली, वर्षाला वीस टक्क्यांनी वाढणारी नेटकी कंपनी फंड हसतमुखाने नाकारतो. धंद्यात खोट नसते, तो फक्त या गणितात बसत नाही. बँकेकडून कर्ज घेऊन तिने सुखाने वाढावं. 'कंपनी नफ्यात आहे, म्हणून गुंतवा' असं मुलाखतीत म्हणणारा उमेदवार इथेच गळतो.

नव्या विश्लेषकाचा दिवस बहुतांशी नाही म्हणण्यात जातो, पण त्या 'नाही'ला आकड्यांचा आधार लागतो. एक उदाहरण घ्या. ॲपवाली कंपनी सांगते, ग्राहक मिळवायला ९०० रुपये लागतात आणि तो महिन्याला खर्च वजा जाता १२० रुपये देतो. म्हणजे साडेसात महिन्यांत वसूल. कागदावर बरोबर. आता जानेवारीत आलेल्या १०० ग्राहकांची यादी मागा आणि दर महिन्याला किती उरले ते मोजा. समजा १००, ७८, ६२, ५२, ४५, ४० निघाले. सहा महिन्यांची बेरीज ३७७, गुणिले १२०, म्हणजे ४५,२४० रुपये. खर्च झाले होते ९०,०००. उरलेले चाळीस जण एकही न गळता टिकले, तरी आणखी सव्वानऊ महिने हवेत. साडेसातचे पंधरावर गेले. हा तक्ता एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होतो. संस्थापक सरासरी पुढे करतो तेव्हा तो मागायचं सुचणं, हे खरं कसब.

दुसरी नेहमीची जागा म्हणजे 'उलाढाल'. ॲपवरून १० कोटींचा माल विकला गेला, त्यावर कमिशन ८ टक्के, तर कंपनीचं उत्पन्न ८० लाख. सादरीकरणात मात्र १० कोटी ठळक अक्षरांत. जीएसटीचं ३बी विवरण आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवलं की फरक उघडा पडतो. ग्राहकांना फोन करायचे तेही संस्थापकाने दिलेल्या यादीबाहेरच्यांना. सोडून गेलेला ग्राहक सर्वांत कामाचं बोलतो.

टर्मशीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात, मूल्यांकनावर सगळे भांडतात आणि लिक्विडेशन प्रेफरन्सचा, म्हणजे कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदाराने आधी किती उचलायचे याचा, परिच्छेद वाचायचा राहतो. वरचीच कंपनी लगेच १५ कोटींत विकावी लागली तर १५ टक्क्यांनी फंडाला सव्वादोन कोटी मिळायला हवेत. पण एकपट प्रेफरन्स असेल तर फंड आधी आपले ४ कोटी उचलतो. प्रेफरन्स 'पार्टिसिपेटिंग' असेल तर ४ कोटी उचलून उरलेल्या ११ कोटींतही १५ टक्के घेतो, एकूण ५ कोटी ६५ लाख. एका शब्दाची किंमत १ कोटी ६५ लाख.

सह्यांनंतरची कारकुनीही नव्या माणसाच्याच गळ्यात पडते. पैसे वेगळ्या बँक खात्यात यायला हवेत. ते आल्यापासून ६० दिवसांत शेअर वाटप, वाटपापासून १५ दिवसांत त्या वाटपाची माहिती कंपनी निबंधकाकडे देणारा पीएएस-३ फॉर्म. परदेशी पैसा असेल तर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवायचा एफसी-जीपीआर फॉर्म. पीएएस-३ भरेपर्यंत त्या पैशांना हात लावता येत नाही. नेमका पगाराचा दिवस मध्ये येतो आणि कंपनी त्याच खात्यातून पगार करून मोकळी होते. मग दंडाची टांगती तलवार, आणि पुढच्या फेरीतल्या वकिलांना आयताच मुद्दा.

तर शिरायचं कसं? मेमो लिहून, म्हणजे एखाद्या कंपनीत पैसे घालावेत की नाही यावरचं टिपण लिहून. लहान मुलांच्या वस्तू विकणारी पुण्याची फर्स्टक्राय ऑगस्ट २०२४मध्ये शेअर बाजारात आली. तिचं माहितीपत्रक फुकट वाचायला मिळतं. त्यातलं भांडवल रचनेचं प्रकरण काढा: कोणत्या साली कुणाला, किती शेअर, कोणत्या भावाने दिले, सगळं आहे. बाजारात न आलेल्या कंपनीसाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून तिचे पीएएस-३ बघा. एका शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर, हे झालं मूल्यांकन. त्यात पुढे साध्या शेअरमध्ये रूपांतर व्हायचे प्रेफरन्स शेअर आणि ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखलेले शेअर, धरायला विसरलात तर आकडा कमी येतो, आणि वाचणाऱ्याला तुमची चूक पहिल्या मिनिटात दिसते. दोन पानांत लिहा: धंदा कसा चालतो, कुठे फसेल, केवढ्याला विकली गेली तर फंडाला पुरेल. असे तीन मेमो छोट्या फंडांना पाठवा. त्यातला एक तरी 'गुंतवू नका' सांगणारा असू द्या.

एनआयएसएम या सेबीच्या शिक्षण संस्थेची परीक्षा लागते, पण ती फंड व्यवस्थापकाच्या प्रमुख माणसांपैकी कुणीतरी दिलेली असावी लागते. नवख्याला तिची अट नाही. नफ्यातल्या २० टक्के वाट्याचीही, म्हणजे कॅरीची, स्वप्नं आत्ताच रंगवू नका. गुंतवणूकदारांना मुद्दल आणि ठरलेला किमान परतावा दिल्यावर तो सुरू होतो, वर्षावर्षाने हक्काचा होत जातो, आणि कनिष्ठांना मिळालाच तर चिमूटभर.

ऑफर हातात आली की पगाराआधी तीन गोष्टी विचारा. फंडाचं कितवं वर्ष चालू आहे? नव्या चेकसाठी किती शिल्लक आहे? पुढच्या फंडाचे पैसे कुठवर जमले? पाचवं वर्ष, शिल्लक शून्य आणि पुढच्या फंडाबद्दल 'बोलणी चालू आहेत' असं उत्तर आलं, तर पुढची दोन वर्षं जुन्या कंपन्यांचे मासिक अहवाल गोळा करण्यात जातील.