हार्ड लँडिंगनंतर सोलो परत मिळायला ५८ दिवस लागले (माझा अनुभव)

आधीच सांगतो, पायलट ट्रेनिंगचं मेडिकल, परीक्षेचा कॉम्प्युटर नंबर, एसपीएल (स्टुडंट पायलट लायसन्स), पेपर यावर मी काही लिहिणार नाहीये. ते माझं विनात्रास झालं आणि त्याची माहिती कुठेही मिळते. लिहायचंय ते हार्ड लँडिंग (उतरताना विमान आपटणं) झाल्यावर सोलो, म्हणजे एकट्याने उडायची परवानगी, परत कसं मिळवलं त्याबद्दल, कारण तेव्हा मी रात्र रात्र जागून शोधत होतो आणि मराठीत एक ओळ सापडली नव्हती. आणि खरं सांगायचं तर राग अजून गेलेला नाही, म्हणून पण लिहितोय.

तारीख २२ एप्रिल २०२४, खानदेशातली एक छोटी धावपट्टी, फ्लाइंग शाळेचं नाव देत नाही. माझे ३१ तास झाले होते, त्यातले ६ सोलो. विमान सेसना १५२, दोन सीटचं. माझी सॉर्टी (उडायची पाळी) होती सकाळी सातची, पण बाऊझर (इंधनाचा टँकर) उशिरा आला, मग आधीच्या मुलाचं विमान उशिरा आलं, असं करत करत नंबर लागला साडेअकराला. त्याच्याआधी १९ दिवस मी उडलोच नव्हतो कारण चारपैकी दोन विमानं हँगरमधे होती. आमच्याकडे एप्रिलच्या शेवटी साडेअकरा म्हणजे काय ते जळगाव-धुळ्याकडच्यांना सांगायला नको. नांगरून ठेवलेल्या काळ्या रानावरून गेलं की विमान वर फेकलं जायचं आणि केळीच्या बागेवर आलं की खाली बसायचं.

दोन सर्किट (उडून पट्टीभोवती फेरी मारून उतरणं) बरी झाली. तिसऱ्याला फायनलवर, म्हणजे उतरायला पट्टीच्या रेषेत आल्यावर, स्पीड साठ नॉटच्या आसपास हवा होता, मी भीतीने बहात्तर धरून ठेवला, वाटलं हलतंय तर थोडा जास्त असलेला बरा. थ्रेशोल्ड (पट्टीची सुरुवात) गेला, विमान काही बसेना, नुसतं तरंगतंय, पट्टी खालून संपत चाललीय, आणि मी काय केलं तर नाक दाबलं. नोजव्हील (पुढचं चाक) आधी टेकलं आणि विमान उसळलं. मी परत दाबलं, परत उसळलं. तिसऱ्यांदा जे आपटलं त्याचा आवाज अजून कानात आहे. थांबलो पट्टीवरच, पण पुढचा टायर बसलेला, फोर्क वाकलेला. थरथरत्या हाताने मिक्स्चर ओढून इंजिन बंद केलं. इंजिन बंद झाल्यावर जायरो फिरत राहतात त्यांचा बारीक घूं असा आवाज येतो, तो मी पहिल्यांदाच त्या दिवशी ऐकला, एरवी कधी लक्षच गेलं नव्हतं.

पहिल्या उसळीलाच फुल थ्रॉटल, कार्ब हीट (कार्बोरेटर गरम करणारा नॉब) आत, नाक सावरून फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) वीस डिग्रीवर आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर, एवढंच करायचं होतं. हे मला पाठ होतं, पेपरात लिहिलं असतं. पण हाताने केलं होतं मोजून चार वेळा, तेही इन्स्ट्रक्टर सर शेजारी असताना आणि आधी सांगून.

तर आता फॉर्म. शाळेचा अंतर्गत रिपोर्ट असतो, तो भरून चीफ इन्स्ट्रक्टरची सही झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, ना करेक्टिव्ह ट्रेनिंग, ना चेक (उडून दाखवायची परीक्षा), ना सोलो. त्यात विमानाचा नंबर, वेळ, वारा, नुकसान, सगळ्याला ऐसपैस जागा. आणि खाली एक रकाना, 'कारण', त्याच्यापुढे एक ओळ. एकच, बोटभर उंचीची.

मी एक ओळ भरायला गेलो आणि जमेना. कारण काय लिहू, स्पीड जास्त होता हे कारण, का १९ दिवसांचा गॅप हे कारण, का दुपारची वेळ, का नाक दाबलं ते, का गो-अराउंड केलं नाही ते? का हे, की 'आज नाही गेलो तर परत आठवडा जाईल' असं डोक्यात होतं म्हणून ऊन वाढलेलं दिसत असूनही मी विमानात बसलो? बाबांनी शेतावर कर्ज काढलंय, प्रत्येक तास मोजून घेतलेला, हे कुठल्या रकान्यात बसतं? मी ए-फोरच्या दोन्ही बाजू भरून सगळं क्रमाने लिहिलं, फॉर्मच्या ओळीत 'सोबत जोडले आहे' लिहिलं आणि दिलं.

नऊ दिवसांनी परत आला. ऑफिसमधले जे साहेब ही फाईल बघायचे ते म्हणाले, पायलट एरर लिहा आणि सही करा, सगळे तेच लिहितात. मी म्हणालो सर चूक माझीच आहे, मी नाही म्हणतच नाहीये, पण पायलट एरर हे कारण कसं, त्याच्यातून कोणाला काय कळणार? तर म्हणे कळायचं काय त्यात, फाईल बंद व्हायला पाहिजे.

मी परत लिहून दिलं, 'उसळीनंतर सावरताना चूक'. त्याला अकरा दिवस. यावेळी वेगळाच सल्ला आला, 'अचानक वाऱ्याचा झोत' असं लिहा, म्हणजे तुमच्यावरही नाही आणि शाळेवरही नाही. इथे मात्र मी अडून बसलो. त्या वेळचा वारा सहा नॉट, जवळजवळ सरळ पट्टीच्या दिशेने, लॉगमधे लिहिलेला आहे. मी झोत लिहिला असता तर पुढच्या वर्षी माझ्यासारखाच कोणीतरी पोरगा तो रिपोर्ट वाचून वाऱ्याला घाबरला असता आणि स्पीड अजून दहाने वाढवून आला असता! घरच्यांना हे पटत नव्हतं. आई फोनवर रोज म्हणायची, अरे लिही ना ते म्हणतात ते, कशाला वाकड्यात शिरतोस. तिचंही बरोबर होतं, तिला बारामतीची भीती बसलेली. ऑक्टोबर २०२३ मधे तिकडे चार दिवसांत दोन ट्रेनिंग विमानं पडली, १९ तारखेला आणि २२ ला, तेव्हापासून टीव्हीवर विमान दिसलं की तिचा फोन. त्याच्या आदल्या वर्षी जुलैत इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला सेसना १५२ शेतात आलं होतं, ट्रेनी मुलगी एकटी होती, सुदैवाने वाचली, ते पण तिला तारखेसकट पाठ.

मधे एक सांगून ठेवतो नाहीतर विसरेन. जे काही घडेल ते त्याच दिवशी, झोपायच्या आधी, वहीत लिहून काढा. स्पीड काय होता, फ्लॅप किती, किती वाजले, पाणी किती प्यायला होतात. तीन दिवसांनी आपलं आपल्यालाच वेगळं आठवायला लागतं, मी मित्राला सांगताना बहात्तरचे अडुसष्ट करून टाकले होते आणि मला खरंच तसं वाटत होतं.

मग फॉर्म गेला सहीला आणि चीफ इन्स्ट्रक्टर होते बाहेरगावी. एकवीस दिवस फाईल टेबलावर. नऊ, अकरा, एकवीस, एकूण ४१ दिवस नुसते त्या एका ओळीपायी! तोपर्यंत विमान दुरुस्त होऊन उडायला लागलं होतं आणि मी हॉस्टेलच्या गच्चीवरून बघत होतो.

सुटलं ते आमच्या ग्राउंड क्लासच्या सरांमुळे, हवाई दलातून रिटायर झालेले. मी त्यांना नुसतं विचारायला गेलो होतो, त्यांनी ती दोन पानं मागून घेतली, उभ्याउभ्या वाचली, आणि म्हणाले, "हे फॉर्मला जोडायचं नाही, तर फॉर्म याला जोडायचा." चीफ आल्या दिवशी स्वतः घेऊन गेले. ओळीत शेवटी लिहिलं गेलं 'पान क्रमांक २ व ३ पहावे', आणि खाली सही. एवढंच तर मी पहिल्या दिवशी म्हणत होतो.

त्यानंतरचं सगळं पटापट झालं. पाच तास ड्युअल (इन्स्ट्रक्टर शेजारी बसवून), मग तोंडी परीक्षा, मग चेक. तोंडी परीक्षा सरांनीच घेतली, दोन तास, आणि विषय एकच, सिंगल इंजिनची छोटी विमानं का पडतात. म्हणाले, तुला कारणं लिहायला आवडतात ना, मग सांग आता.

त्यातलं जे आठवतंय ते लिहितो. आपल्यासारख्या विमानांचे अपघात मोजले तर सगळ्यात जास्त लँडिंगला होतात, माझ्यासारखे, टायर फोर्क प्रॉपचं नुकसान, माणूस बहुतेक वेळा चालत बाहेर येतो. जीव जातात ते दुसरीकडे. बेस टू फायनलच्या, म्हणजे पट्टीच्या रेषेत येण्याच्या शेवटच्या वळणावर रेषेच्या पलीकडे गेलात, बँक (विमानाचा तिरकेपणा) वाढवायची भीती वाटते म्हणून आतल्या पायाने रडर ढकललात आणि वर नाक ओढलंत, की स्टॉल (पंख विमान उचलून धरायचे थांबतात) आणि तिथून स्पिन (गरगरत खाली). साठ डिग्री बँकला विमानावर दुप्पट वजन येतं आणि स्टॉल स्पीड जवळजवळ दीडपट होतो, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण सरांनी विचारलं, १५२ ला एका फेरीचं स्पिन आणि त्यातून बाहेर यायला किती उंची लागते? हजार फूट. आणि फायनलच्या वळणावर तुझ्याकडे किती असते? पाचशे. मग ते गप्प बसले, मीही.

टेकऑफनंतर इंजिन गेलं तर मागे वळायचं नाही, समोर, डावी-उजवीकडे थोडं वळून जे रान मिळेल त्यात उतरायचं. हे तर ड्युअलमधे त्यांनी करूनच घेतलं. चारशे फुटांवर हात पुढे आला आणि थ्रॉटल मागे. काहीच न सांगता. माझं पहिलं काम काय तर मी मागे पट्टीकडे बघितलं. तेवढ्या एका सेकंदात स्पीड आठ नॉटने उतरला. "नाक खाली!" असे ओरडले की हेडसेट फाटला. पट्टीवर परत यायला नुसता अर्धा वळसा पुरत नाही, परत रेषेत यायला अजून वळावं लागतं, चारशे फुटांत ते होत नाही.

इंधनाचं तर मला वाटायचं असं कोणी करतं का. करतात. १५२ च्या फुल टाक्यांत वापरता येतं ते साधारण ९३ लिटर, तासाला बावीस-तेवीस जातं, हिशोब तोंडावर होतो, तरी लोक काट्यावर विश्वास ठेवून निघतात. डिपस्टिक (टाकीत घालायची मोजपट्टी) टाका, स्वतः वर चढून. आणि टाकीच्या तळातून काढलेलं सॅम्पल उजेडात धरून बघा. ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) निळसर दिसतं, पाणी असलं तर तळाशी वेगळा थेंब बसतो. आणि नुसतं पाणीच आलं असेल तर वरखाली काही वेगळं दिसतच नाही, म्हणून रंग बघायचा, नुसतं स्वच्छ आहे का ते नाही.

कार्ब आइसिंगबद्दल (कार्बोरेटरमधे बर्फ धरणं) मी म्हणालो खानदेशात कुठलं बर्फ. तर पावसाळ्यात सत्तावीस डिग्री आणि दमट हवा असली तरी कार्बोरेटरमधलं तापमान तीस डिग्रीनेही खाली जाऊ शकतं, पेट्रोलची वाफ होताना. आरपीएम (इंजिनाचे फेरे) हळूच उतरतो, माणूस थ्रॉटल थोडा पुढे करतो आणि विसरतो. आणि उन्हाळ्याचं उलट, त्रेचाळीस डिग्रीला आमची आठ-नऊशे फूट उंचीवरची पट्टी विमानाला साडेचार हजार फुटांच्या आसपासची वाटते, ते जड होतं, रेंगाळतं, पट्टी जास्त खातं.

ढगांबद्दल त्यांनी इलिनॉय विद्यापीठातला १९५४ चा प्रयोग सांगितला. इन्स्ट्रुमेंटचं ट्रेनिंग नसलेले वीस जण, बाहेरचं दिसणं बंद केलं, वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंही नाहीत. जून लागला होता, खिडकीबाहेर सातपुड्याकडे ढग भरून आले होते, म्हणाले तुझी क्रॉसकंट्री (लांबच्या गावापर्यंतचं उड्डाण) याच महिन्यात येणार, तेव्हा तो आकडा लक्षात ठेव.

या सगळ्यात विमान बिघडून पडल्याच्या गोष्टी कमीच निघाल्या, चारातले तीन अपघात तरी माणसाशी येऊन थांबतात. मी म्हणालो म्हणजे पायलट एररच की सर. ते म्हणाले, हो, पण ती सुरुवात कुठे झाली ते तू दोन पानांत लिहिलंस, सातची सॉर्टी साडेअकराला गेली तिथे.

१९ जूनला सकाळी पावणेसातला सोलो मिळालं, ५८ व्या दिवशी. पहिल्या अप्रोचला स्पीड पासष्ट दिसला, फार नव्हता, बसलं असतं. पण थोडं तरंगलं आणि मी थ्रॉटल पूर्ण पुढे केला, कार्ब हीट आत, फ्लॅप वीस, आणि निघून गेलो. रेडिओवर "गोइंग अराउंड" म्हणताना मला जो आनंद झाला तो पहिल्या सोलोला पण झाला नव्हता. दुसऱ्या फेरीला साठने आलो, मागची चाकं आधी टेकली, नाक मी शेवटपर्यंत धरून ठेवलं.

हां, आणि फाईल देताना प्रत्येक पानाची झेरॉक्स काढून पोच घ्या, तारखेसकट. माझा तो जोडलेला कागद मधे गहाळ झाला होता, झेरॉक्स होती म्हणून वाचलो.