२^३१ − १ मूळ संख्या आहे हे हाताने कसं तपासायचं

२^३१ − १ म्हणजे २,१४,७४,८३,६४७. ही मूळ संख्या असल्याचं गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७७२ मध्ये एका पत्रातून कळवलं. हिचं वर्गमूळ ४६,३४० च्या जरा पुढे येतं आणि तिथपर्यंत पावणेपाच हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. ऑयलरच्या वाटेने गेलं तर मात्र फार तर ३७२ भागाकार पुरतात, आणि ती चाळणी फार देखणी आहे.

समजा, प ही मूळ संख्या हिला भागते. मग २^३१ ला प ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे २ च्या घातांच्या बाक्या बरोबर ३१ पावलांनीच १ वर परततात, त्याआधी नाही. फर्माच्या छोट्या सिद्धांताने २^(प−१) ची बाकीही १ च. म्हणून प−१ ला ३१ ने भाग जायलाच हवा, आणि प विषम असल्याने ६२ ने. शिवाय २^३२ ची बाकी २, म्हणजे २^१६ च्या वर्गाची बाकी २. हे घडायला प ला ८ ने भागून १ किंवा ७ उरावे लागतात. दोन्ही अटी जुळवल्या की उरतात फक्त २४८क + १ आणि २४८क + ६३ या रूपातल्या संख्या (क म्हणजे ०, १, २, ...).

६३, २४९ (३×८३), ४९७ (७×७१), ५५९ (१३×४३) गाळून टाका. पहिली खरी उमेदवार ३११. इथे दहा अंकी भागाकार मांडत बसू नका, वर्ग करत चला. २^८ म्हणजे २५६, त्यातून ३११ वजा केले की −५५. त्याचा वर्ग ३०२५, बाकी २२६, म्हणजेच −८५. पुन्हा वर्ग ७२२५, बाकी ७२. ही २^३२ ची. निम्मी केली की २^३१ ची ३६. (बाकी विषम आली तर आधी प मिळवा, मग निम्मी करा. इथेच बहुतेक चुका होतात.) १ वजा केला की ३५ उरतात, भाग जात नाही. पुढची उमेदवार थेट १३०३. तिथे २२६ उरतात.

घातांक मूळ आहे एवढ्यावर विसंबू नका: २^२९ − १ = २३३×११०३×२०८९.

भाजक शोधताना कामी आलेली ३१ पावलांची फेरी यादृच्छिक संख्या तयार करताना अंगाशी येते. आधीच्या संख्येला ठरावीक गुणकाने गुणून २^३१ − १ ने भागायचं आणि बाकी घ्यायची, अशी ती रीत. गुणक २ घेतला तर संख्येचे ३१ बिट (०-१ चे अंक) नुसते गोल फिरतात आणि ३१ संख्यांनंतर तीच माळ पुन्हा सुरू. १६,८०७ (७^५) घेतला तर शून्य सोडून सगळ्या २,१४,७४,८३,६४६ संख्या एकेकदा येतात. सुरुवात ० ने केली तर कायम ०. गुणाकार ६४ बिटांतच करा, ३२ मध्ये तो मावत नाही. १ पासून निघाल्यावर १६,८०७, मग २८,२४,७५,२४९, मग १,६२,२६,५०,०७३ यायला हवेत, आणि दहा हजारावी संख्या १,०४,३६,१८,०६५.