आमची वाटचाल : लग्नपत्रिकेपासून खेळाच्या टेबलापर्यंत

आमचा छापखाना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. वडिलांनी १९८७ साली सुरू केला, तेव्हा लग्नपत्रिका छापणाऱ्याला मरण नव्हतं. तुळशीचं लग्न लागलं की मशीन जे चालू व्हायचं ते मुहूर्त संपेपर्यंत. पुढे पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या आणि पाचशे छापणारं घर ‘देवापुढे ठेवायला आणि मामाला द्यायला’ म्हणत पन्नासवर आलं. मिठाईचे बॉक्स, औषधांची खोकी यांवर काही वर्षं काढली, पण त्या कामात मोठे कारखाने असा दर लावतात की आपला कागदाचाही खर्च निघू नये. आज आमचा निम्म्याहून जास्त धंदा बोर्ड गेम आणि पत्त्यांच्या खेळांचा आहे. ही गोष्ट सांगायची तर छपाईपेक्षा, माणसं खेळांच्या मेळाव्याला का येतात यावरच मला जास्त लिहावं लागेल. धंद्याने वळण घेतलं ते तिथे.

सुरुवात केली ऐरोलीच्या आयटी कंपनीतल्या दोन मुलांनी. त्यांनी पत्त्यांचा एक खेळ रचला होता आणि त्याचे फक्त पंचवीस संच हवे होते. ऑफसेट छपाईला आधी प्लेट करून घ्यावी लागते आणि एवढ्यात तिचा खर्चही सुटत नाही, म्हणून प्लेट न लागणाऱ्या डिजिटल मशीनवर काढून दिले. मग दोघे तक्रारी घेऊन येऊ लागले. पत्ते पिसताना चिकटतात. उजेडाकडे धरले की मागून दिसतात. पावसाळ्यात वाकतात. पत्रिका माणूस दोनदा हातात घेतो, खेळाचा पत्ता हजारदा, हे आमच्या कारागिरांना नवीन होतं. शेवटी मध्ये गडद थर असलेला कागद मागवला, त्यातून उजेड पार जात नाही. पत्ते कापायला ६३ बाय ८८ मिलिमीटरची डाय, म्हणजे साचा, करून घेतली. व्हिजिटिंग कार्डांचे कोपरे गोल करणारं जुनं मशीन कोपऱ्यात पडून होतं, ते तेलपाणी करून सुरू केलं. दोन्ही बाजूंना सारखं वार्निश दिलं की पत्ता एका अंगाला वळत नाही, एवढं मात्र आम्हाला आधीपासून ठाऊक होतं.

त्याच मुलांनी मुंबईतल्या एका टेबलटॉप, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळांच्या, मेळाव्यात आम्हाला स्टॉल घ्यायला लावला. विकायला माल फारसा नव्हता. जागा रिकामी दिसू नये म्हणून बायकोने केटररकडून एक फोल्डिंग टेबल आणि चार खुर्च्या आणवल्या. शेजारी परदेशी खेळांच्या खोक्यांची छताला टेकणारी भिंत होती. लोक तिथे थांबत, खोकं उलटून मागचं वाचत आणि पुढे जात. आमच्याकडे किंमत विचारणारे कमी, ‘बसू का?’ विचारणारेच जास्त. टेबल दिवसभर रिकामं झालं नाही. संध्याकाळी बायको म्हणाली, ‘‘अहो, यांना खोकं नकोय, यांना बसायला माणूस हवंय.’’ तिचं हे वाक्य मी नंतर बऱ्याच बैठकांमध्ये माझं म्हणून खपवलं आहे.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की हा मेळाव्यांचा सगळा प्रकार उभा राहिला तोच मुळी या गरजेतून. १९६० च्या दशकात अमेरिकेत युद्धखेळ, म्हणजे टेबलावर सैन्य मांडून लढाया, खेळणारे लोक गावोगाव एकेकटे विखुरलेले होते. मासिकात ‘प्रतिस्पर्धी हवा’ अशी छोटी जाहिरात द्यायची आणि डावातल्या चाली पोस्टाने पाठवायच्या, असं चालायचं. १९६८ साली गॅरी गायगॅक्स यांनी विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या आपल्या गावी एक हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि अशा लोकांना समोरासमोर बसवलं. जेन कॉन नावाच्या मेळाव्याची ती पहिली खेप. पुढच्या वर्षी तिथेच त्यांची डेव्ह आर्नसन यांच्याशी गाठ पडली आणि १९७४ मध्ये दोघांनी मिळून डंजन्स अँड ड्रॅगन्स हा एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचत जायचा खेळ आणला. जेन कॉन आता इंडियानापोलिसला भरतं आणि सत्तर हजारांच्या घरात माणसं येतात. जर्मनीतल्या एसेनचा मेळावा याहून मोठा. १९८३ साली तो खेळांच्या एका मासिकाच्या वाचकांचा मेळावा म्हणून सुरू झाला, आणि २०२४ मध्ये चार दिवसांत दोन लाखांवर लोक तिथे गेले. आमचे एक ग्राहक ऑक्टोबरात तिथे जातात. रिकामी बॅग घेऊन जायचं आणि भरलेली ओढत आणायची, असा त्यांचा शिरस्ता. पण परत आल्यावर गप्पा मारतात त्या कुठल्या टेबलावर कोण भेटलं याच्या.

आपल्याकडची कारणं थोडी वेगळी आहेत, आणि ती मी स्टॉलवर उभा राहून बघितलेली आहेत. पहिलं कारण घराचं. वन बीएचकेमध्ये पाच जण चार तास कुठे बसणार? बेडवर पाट मांडला तर कुणी उठलं की सगळ्या सोंगट्या घरंगळतात. दुसरं, गडी जमत नाहीत. कॉलेजातला ग्रुप एव्हाना कल्याण, पनवेल, मीरा रोड असा पांगलेला असतो, कुणाला लहान मूल, कुणाची रात्रपाळी. व्हॉट्सॲपवर ‘या रविवारी नक्की’ असं सगळे म्हणतात आणि रविवार निघून जातो. मेळाव्याची तारीख महिनाभर आधी ठरलेली असते, तिकीट काढलेलं असतं, त्यामुळे घरी सांगायला बरं पडतं. एक बाई मला म्हणाल्या की नवऱ्याचे मित्र त्या वर्षातून एकदा बघतात, ते इथेच.

तिसरं कारण नियमांचं. नवीन खेळाची नियमपुस्तिका वाचायचा कंटाळा येत नाही असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. शेजारी बसून दहा मिनिटांत कुणी सांगितलं तर तोच खेळ सोपा वाटतो. परदेशातल्या मोठ्या मेळाव्यांत टेबलावर फलक ठेवायची पद्धत आहे, खेळाडू हवेत किंवा शिकवणारा हवा असा. आम्ही ती सरळ उचलली. लाल झेंडीवर ‘एक गडी हवा’, हिरवीवर ‘शिकवणारा हवा’. आमच्या सगळ्या छपाईत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची वस्तू हीच. एकटा आलेला माणूस ओळखू येतो. हातात पाण्याची बाटली, खोक्यांकडे बघतोय असं दाखवत टेबलांकडे बघत असतो. त्याला ‘या, बसा’ म्हणायला संयोजक लागत नाही, झेंडी पुरते.

सवलतीसाठी येतो म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. सवलत घरबसल्याही मिळते. हां, तीन-चार हजारांचा आयात केलेला खेळ घेण्याआधी एक डाव खेळून बघायचा असतो, ते खरं. पण डाव खेळून झाल्यावर पुष्कळजण खेळ न घेताच उठतात, आणि समोरच्याचा नंबर मात्र घेतात.

कळव्याच्या एका आजींचं सांगितलंच पाहिजे. नातवाबरोबर आल्या होत्या, वेळ जाईना म्हणून ‘द क्रू’च्या टेबलावर बसल्या. हा २०१९ चा जर्मन खेळ. हात करण्याचा, पण सगळे एकाच बाजूला, आणि आपल्या हातात काय आहे ते एकमेकांना सांगायचं नाही. तिथल्या मुलांनी त्यांना हुकूम म्हणजे काय हे समजावायला घेतलं. आजींनी आयुष्यभर मेंढीकोट आणि पाच-तीन-दोन खेळलेलं. दुसऱ्या डावापासून टेबल त्याच चालवत होत्या. कुठला पत्ता बाहेर गेला आणि कुठला आत आहे हे त्यांना तोंडपाठ. नातू दुसरीकडे कुठेतरी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर ड्रॅगन मारत होता. तेही टेबल बघण्यासारखं असतं. सहा अनोळखी माणसं, एक जण गोष्ट पुढे नेणारा, पात्रं आधीच लिहून ठेवलेली, तीन-चार तासांत गोष्ट संपते. ऑफिसात तोंड न उघडणारा मुलगा तिथे राजदरबारात भाषण ठोकतो. उद्या यातलं कुणी आपल्याला ओळखत नसतं, याचाही त्यात वाटा असावा.

आणखी एक वर्ग येतो तो खेळ रचणाऱ्यांचा, आणि धंद्याच्या दृष्टीने आमचा जीव त्यांच्यात. घरचे लोक खेळ कसा आहे विचारलं तर छान म्हणतात. अनोळखी माणूस मध्येच फोन काढतो, आणि खेळ कुठे रेंगाळतो ते रचणाऱ्याला न बोलता कळतं. एकाच दिवसात असे पाच-सहा गट मिळायचे तर मेळाव्याशिवाय जागा नाही. आम्ही त्यांच्यासाठी नमुना संच छापू लागलो, अगदी पाच-दहासुद्धा. मेळाव्याआधीच्या आठवड्यात रात्री अकराला फाइल येते, ‘काका, फक्त सात पत्ते बदललेत’ असा मेसेज येतो आणि उघडून बघावं तर सतरा बदललेले असतात. यात सुटतं फार कमी. पण त्यातला एखादा खेळ जमला की हजार प्रतींचं काम आमच्याकडेच येतं.

स्टॉलवर बघितलेल्या गोष्टी हळूहळू खोक्यात उतरल्या. ग्राहकाने सोळा पानी नियमपुस्तिका आणली तर आम्ही आधी चार पानांचा आग्रह धरतो आणि ‘पहिला डाव असा खेळा’ असं एक वेगळं कार्ड सुचवतो. मराठी नियम द्याच म्हणतो, कारण टेबलावर आई-वडीलही बसतात. चारच जणांचा खेळ असेल तर पाचव्याचं काय, हे विचारतो. खेळ शिकवायला आम्ही कॉलेजची मुलं रोजावर घेतो. त्यांत एकांकिका स्पर्धा केलेली मुलं सर्वांत चांगली निघाली. त्यांना थांबायचं कुठे ते कळतं. एका ठिकाणी मात्र संयोजकांनी मधोमध स्टेज घालून दिवसभर माइक चालू ठेवला होता. शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, आमच्या मुलांचे घसे बसले आणि दुपारनंतर टेबलं रिकामी. कोण कुठल्या पात्राच्या वेशात आलंय हे बघायला मजा येते, पण त्यासाठी लाऊडस्पीकर कशाला?

सरकारी बाजू थोडक्यात. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचा बीआयएस मार्क सक्तीचा झाला, त्यामुळे खोक्यावर वय काय लिहायचं हा आता गंभीर विषय आहे. बोर्ड गेमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्याने हात थोडा मोकळा झाला.

आता नौपाड्यात आम्ही स्वतःही एक छोटा मेळावा भरवतो. इथे जुना धंदा उपयोगी पडला. लग्नाचा हॉल कधी ओस पडतो हे पत्रिका छापणाऱ्याइतकं कुणाला माहीत असणार? दाते पंचांग उघडायचं, मुहूर्त नसलेले शनिवार-रविवार काढायचे आणि हॉलवाल्याला फोन लावायचा. पितृपक्षात तर तोच आपल्याला फोन करतो. वाशी, ऐरोलीकडची माणसं ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरून चालत येतात. खाण्याचा नियम कडक ठेवला आहे. टेबलावर तेलकट काही नाही. मामलेदारची मिसळ खायची असेल तर खाऊन, हात धुऊन या. तिकीट कमी आणि विक्रीचे स्टॉल मोजकेच ठेवतो. त्यावर ओळखीचे व्यापारी नाराज असतात, आणि त्यांचंही अगदीच चुकत नाही. त्यांना भाडं परवडायला हवं. यंदा दोन स्टॉल वाढवले आहेत, पण भिंतीलगत. मधली जागा टेबलांचीच. हॉलवाल्याकडे जेवणावळीची गोल टेबलं आहेत, त्यांवर पाट मधोमध ठेवला तर कुणाचाच हात पोहोचत नाही, म्हणून लांबट टेबलं घोडबंदरच्या मंडपवाल्याकडून मागवली आहेत. टेम्पोचं भाडं अजून ठरायचं आहे.